चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

माझ्या नानीची अकरा बाळंतपणं झाली. त्यातली सहा मुलं जगली. उरलेल्या पाचांबद्दल विचारलं की ती एवढंच म्हणायची, “अल्लाह की अमानत थी, ले लिया.” पाचांपैकी तिघं उलट्या-जुलाबानं गेली, हे मला खूप नंतर अम्मीकडून कळलं. त्याहून अस्वस्थ करणारी एक गोष्टही तेव्हाच कळली. शेवटच्या मुलाला जुलाब लागले, तेव्हा घरातल्या मोठ्या बायकांनी नानीला बजावलं होतं, “पानी नक्को देव बच्चे कू, और लगेंगे.” मूल रात्रभर पाणी मागत होतं. नानीनं फडकं ओलं करून त्याचे ओठ पुसले. पाणी मात्र दिलं नाही.

नानीला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मराठवाड्यातल्या आमच्या कसब्यात त्या काळी सगळेच असं करत. हिंदू, मुसलमान, शिकलेले, न शिकलेले, सगळे. आत गेलेलं बाहेर पडतंय, तर आत टाकायचंच कशाला, असा तो हिशोब होता. वरवर पाहता तो बरोबरही वाटतो. त्या काळातले अनेक डॉक्टरही जुलाबाच्या रुग्णाचं खाणं-पिणं तोडत असत. मुलं मरत होती ती प्रामुख्यानं शरीरातलं पाणी आणि मीठ संपल्यामुळे, आणि तेच पाणी आपण तोडत होतो.

हा हिशोब चुकीचा आहे हे सिद्ध झालं बंगालमध्ये, आणि लाखो आयांपर्यंत घरोघर पोहोचलं तेही बंगालमध्येच. त्या प्रवासाची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्यात शास्त्रज्ञ आहेत, युद्ध आहे, निर्वासितांच्या छावण्या आहेत. पण माझ्या मते त्या गोष्टीतल्या खऱ्या नायिका म्हणजे डोक्यावर पदर घेऊन चिखलातून गावोगाव चालत गेलेल्या काही हजार मुली आणि त्यांचं ऐकून घेणाऱ्या आया.

पटकीचा मुलूख

गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश हे पटकीचं जुनं घर. १८१७ साली तिथून निघालेली साथ जगभर पसरली आणि पुढच्या शंभर वर्षांत अशा अनेक लाटा आल्या. आपल्याकडच्या यात्रा-जत्रांनीही पटकीचे तडाखे सोसले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात वेगळा करून दाखवला. पण तो जंतू माणसाला नेमका मारतो कसा, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षं जावी लागली.

ते कोडं सोडवलं कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी. साधनं अगदी तुटपुंजी होती. सशाच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ साली त्यांनी दाखवून दिलं की, हा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडं पाणी बाहेर फेकू लागतं. त्याच शहरातल्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी त्याआधी, १९५३ साली, पटकीच्या १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडावाटे देऊन बरं केल्याची नोंद ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात केली होती. तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. शिरेतून सलाईन देणं हाच खरा उपचार, असा वैद्यकीय जगाचा पक्का समज होता. सलाईनला सुई लागते, निर्जंतुक बाटल्या लागतात, शिर सापडवणारा हात लागतो. खेड्यातल्या मुलाला यातलं काय मिळणार होतं?

मग १९६० साली ढाक्यात पटकी संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. तेव्हा ढाका पूर्व पाकिस्तानात होतं. पुढे मेघना आणि तिच्या उपनद्यांच्या काठी, मतलब इथे तिचं रुग्णालय आणि क्षेत्रीय केंद्र सुरू झालं. शरीरशास्त्रज्ञांना याच सुमारास एक महत्त्वाची गोष्ट उमगली होती. आतड्याच्या पेशींना एक दार असतं आणि त्या दारातून ग्लुकोज आत जाताना सोबत मिठातलं सोडियमही घेऊन जातं. सोडियमच्या मागे पाणी जातं. पटकीचं विष पाणी बाहेर फेकायला लावतं खरं, पण हे दार ते बंद करू शकत नाही. म्हणजे नुसतं पाणी दिलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. नुसतं मीठ घातलं तरी तेच. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र आली की पाणी आत शिरतं. माझ्या नानीच्या घरात तिन्ही गोष्टी होत्या.

१९६८ साली ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह हे प्रत्यक्ष रुग्णांवर दाखवून दिलं. जितकं पाणी शरीरातून गेलं तितकं मोजून तोंडावाटे परत द्यायचं, एवढीच त्यांची पद्धत. सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

बनगावची परीक्षा

तरीही बहुतेक डॉक्टरांचा विश्वास बसत नव्हता. रुग्णालयात तज्ज्ञांच्या नजरेखाली जमलं म्हणून ते सगळीकडे जमेल का, अशी शंका होती. त्या शंकेचं उत्तर १९७१ मध्ये फार मोठी किंमत देऊन मिळालं.

बांगलादेशच्या मुक्तियुद्धात सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळा तोंडावर होता. छावण्यांत पिण्याचं पाणी आणि शौचाची जागा यांत अंतर उरलं नव्हतं. पटकी पसरली. सीमेवरच्या बनगाव इथल्या छोट्या इस्पितळात खाटा संपल्या आणि रुग्ण जमिनीवर, स्वतःच्या उलट्या-जुलाबात पडून होते. तिथे गेलेले बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस यांच्याजवळचा सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा त्यांनी निर्णय घेतला. कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या. बनगावात पिंपांत पाणी भरून त्यात त्या मिसळल्या. पाजायचं कुणी? परिचारिका नव्हत्याच. रुग्णाजवळ बसलेली आई, बहीण, भाऊ पेला घेऊन पिंपाकडे जात आणि पाजत राहत.

छावण्यांत त्याआधी पटकीच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांपर्यंत गेलं होतं. महालनबीस यांच्या पथकाच्या देखरेखीखाली ते ३.६ टक्क्यांवर आलं. नातेवाइकांच्या हाती उपचार सोपवता येतो, हे इथे पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसलं. १९७८ साली ‘लॅन्सेट’नं मीठ-साखरेचं पाणी नेमकं कसं काम करतं, या शोधाला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. पंचवीस वर्षांपूर्वी चॅटर्जी यांची नोंद याच नियतकालिकात छापून आली होती. महालनबीस २०२२ मध्ये वारले. भारत सरकारनं पद्मविभूषण दिला तो त्यांच्या मृत्यूनंतर, २०२३ मध्ये.

पुडी गावात कशी जाणार?

नवा बांगलादेश गरीब होता. रस्ते नव्हते, अर्धा देश पावसाळ्यात पाण्याखाली. कारखान्यात पुड्या बनवून लाखो घरांत सतत पोहोचवत राहणं शक्य नव्हतं. मग पुडी नको, कृती पोहोचवू, असा विचार ‘ब्रॅक’ या संस्थेनं केला.

ब्रॅकचे संस्थापक फजले हसन आबेद हे चितगावात एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. १९७० चं भोला चक्रीवादळ आणि नंतरचं युद्ध पाहून त्यांनी ती नोकरी सोडली, लंडनमधलं घर विकलं आणि १९७२ साली सिल्हेट भागातल्या शाल्ला इथे परतलेल्या निर्वासितांसाठी काम सुरू केलं. १९७९ मध्ये त्याच भागात त्यांच्या कार्यकर्त्यांनी ‘लोबोन-गुर’चा प्रयोग केला. लोबोन म्हणजे मीठ, गुर म्हणजे गूळ. ग्लुकोज कुणाच्या घरी नसतं, गूळ असतो. शिवाय गुळात थोडं पोटॅशियमही असतं. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. वजन-मापं नाहीत, चमचाही नाही. माप म्हणजे आईचा हात.

यात धोका होता. मीठ जास्त झालं तर लहान मूल दगावू शकतं. म्हणून बायकांनी बनवलेल्या सरबताचे नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले. चिमूट बोटांच्या कोणत्या पेरापर्यंत धरायची, हे ठरवलं गेलं. प्रत्येक घरातल्या एका भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून दिली जाई. १९८० पासून तरुण मुलींची पथकं गावोगाव फिरू लागली. पडदा कडक असलेल्या गावांत बाहेरच्या पुरुषाला अंगणातही जाता येत नसे, मुलींना चुलीपर्यंत जाता येई. त्या आईला सांगत, करून दाखवत, मग तिच्याकडून करवून घेत. लक्षात ठेवायचे मुद्दे आधी दहा होते, पुढे सात केले.

पगाराची पद्धतही वेगळी होती. काही आठवड्यांनी दुसरा माणूस त्याच गावात जाऊन काही घरं निवडायचा आणि आईला सरबत करायला सांगायचा. आईला किती आठवतं, सरबत बरोबर होतं का, त्यावर तिला शिकवणाऱ्या मुलीचे पैसे ठरत. किती घरं पालथी घातली, याला मोल नव्हतं. आई शिकली का, याला होतं.

आणि तरीही सुरुवातीला हा कार्यक्रम जवळजवळ फसला. आयांना कृती तोंडपाठ होती, सरबतही बिनचूक जमत होतं. पण मूल आजारी पडल्यावर ते करून पाजणाऱ्या शंभरात जेमतेम सहा होत्या. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अडाणी बायका, अंधश्रद्धा, मुसलमानी समाज, कोण यांना सुधारणार! आपल्याबद्दल असं बोललं गेलेलं आपण किती वेळा ऐकलं आहे. ब्रॅकच्या लोकांनी दोष आयांना दिला नाही. कारण शोधलं.

कारणं दोन निघाली. एक, शिकवणाऱ्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. त्यांना जुलाब लागले की त्याही गोळ्या घेत. जे आपण पीत नाही ते दुसऱ्याच्या लेकराला पाजा म्हणून सांगताना आवाज खोटा पडतो, आणि आईला तो कळतो. मग कार्यकर्त्यांना नेऊन दाखवलं गेलं की सुकून गेलेला रुग्ण हे पाणी पिऊन कसा उठून बसतो. त्यांना स्वतः ते प्यायला सांगितलं गेलं. दुसरं कारण, घरातल्या पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. सासऱ्यानं, नवऱ्यानं “हे काय खूळ?” म्हटलं की सुनेचा हात थांबायचा. मग पुरुष कार्यकर्ते बाजारात, शाळांत आणि मशिदींत जाऊन बोलू लागले. ज्या मशिदींकडे सुधारणेतला अडसर म्हणून पाहिलं जातं, तिथूनच मीठ-गुळाच्या सरबताची माहिती सांगितली गेली. रेडिओ आणि दूरदर्शनवरूनही प्रचार झाला.

वापर वाढत गेला. १९९० पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख घरांत ही कृती शिकवून झाली होती. तिथल्या मुली मोठ्या झाल्या, आया झाल्या आणि त्यांनी आपल्या मुलींना शिकवलं. १९९० च्या सुमारास बांगलादेशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १४० हून अधिक पाचवा वाढदिवस पाहत नसत. आज तो आकडा ३० च्या आसपास आहे. लसीकरण, सुधारलेलं अन्न, मुलींचं शिक्षण या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण मीठ-गुळाचाही आहे, आणि तो थोडा नाही.

रोग येतो कुठून?

मूल वाचवणं वेगळं आणि आजारच होऊ न देणं वेगळं. मतलबच्या संशोधकांनी या दुसऱ्या प्रश्नाचाही पाठपुरावा केला. सर्वांचं बोट पाण्याकडे होतं. पण १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी आईचं दूध सुटू लागलेल्या मुलांचं अन्न तपासलं. ४१ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हे जंतू सापडले, म्हणजे त्या अन्नात विष्ठेचा अंश होता. पाण्याच्या ५० टक्के नमुन्यांतही ते होते. पण अन्नातली त्यांची संख्या पाण्यातल्या संख्येच्या सुमारे दहापट होती. सर्वांत वाईट स्थिती साध्या भाताची नव्हती. ती खास बाळासाठी केलेल्या पदार्थांची आणि दुधाची होती. आई सकाळी बाळासाठी मुद्दाम काही शिजवायची, थोडं भरवायची आणि उरलेलं संध्याकाळपर्यंत ठेवायची. उकाड्यात त्या वाटीत जंतू वाढत. ज्या मुलांच्या अन्नात ते वारंवार सापडले, त्यांना या जंतूंचे जुलाबही जास्त झाले. म्हणजे ज्या वाटीत सर्वांत जास्त माया होती, तीच धोक्याची ठरत होती.

याचा अर्थ आईनं काय करावं? शक्य तोवर ताजं शिजवून भरवावं. ठेवलेलं असेल तर वाफ येईपर्यंत पुन्हा गरम करावं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजावं आणि ते पुढेही चालू ठेवावं. कुरआनात सूरह बकरामध्ये दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. रात्री भांडी झाकून ठेवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, हेही ठाऊक असतं. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींची यादी नेहमीच मोठी असते. प्रश्न रोजच्या ओट्यावर त्यांचं काय होतं, हा आहे.

त्याच वर्षी ढाक्यातल्या आणखी एका अभ्यासानं दाखवलं की, रक्ती हगवणीचा रुग्ण असलेल्या घरात साबण आणि हात धुण्याचं पाणी दिलं, तर घरातल्या इतरांना लागण होण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशावर येतं. आणि २००३ साली मतलबच्या ६५ गावांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला नानीच्या माठावरचं फडकं आठवलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. जुनी सुती साडी घडी घालून आठ पदरी केली आणि तिच्यातून पाणी गाळलं, तर ते जीव अडकतात. गाळणाऱ्या गावांत पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झालं. नव्या साडीपेक्षा जुनी बरी, कारण वापरून तिचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात.

या इतिहासात एक कडवट पानही आहे. तळ्याचं पाणी पिऊन मुलं मरतात म्हणून बांगलादेशात लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतूंपासून त्या पाण्यानं वाचवलं. पण १९९३ मध्ये त्यात आर्सेनिक सापडलं आणि कोट्यवधी लोक हळूहळू भिनणारं ते विष पीत असल्याचं पुढे उघड झालं. चांगल्या हेतूनं केलेल्या कामाचीही तपासणी करत राहावं लागतं.

आपल्या मोहल्ल्यात

आपल्याकडे याच पाण्याला ‘जलसंजीवनी’ असं सुंदर नाव आहे. आशाताई घरी पुड्या देतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी ते सुमारे ६० टक्क्यांनाच मिळालं. उरलेल्यांना काय मिळालं? कुणाला बंद करायचं औषध, कुणाला अँटिबायोटिक, कुणाला दम केलेलं पाणी. दम केलेलं पाणी देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दुआ जरूर करावी, आणि त्या पाण्यात पुडी मिसळावी.

पुडीच सर्वांत चांगली. ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचं माप कधीही वाढवायचं नाही. घोटघोट, पुन्हा पुन्हा पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत द्यायचं. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवायचं. झिंकच्या गोळ्या डॉक्टर किंवा आशाताईंना विचारून पूर्ण द्यायच्या. शौचात रक्त दिसलं, मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा पीतच नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

गेल्या वर्षी भाचीच्या मुलाला जुलाब लागले होते. ती पेला-चमचा घेऊन रात्रभर त्याच्याजवळ बसली होती. दर पाच मिनिटांनी एक चमचा. अम्मी शेजारी बसून पाहत होती. पहाटे मुलानं लघवी केली, डोळे उघडले आणि बिस्किट मागितलं. अम्मी उठली, वजू करून आली, आणि नमाजला उभं राहण्याआधी एवढंच म्हणाली, “अम्मा के घर में नमक था. शक्कर भी थी.”